पहिला मायक्रोवेव्ह घेताना: आधी ओटा, मग दुकान

घरात पहिल्यांदाच मायक्रोवेव्ह येणार असेल तर सुरुवात दुकानातून करू नका. मोजपट्टी घ्या आणि स्वतःच्या ओट्यासमोर उभे राहा. मी गेल्या अठरा वर्षांत आमच्या ठाण्याच्या घरासाठी तीन मायक्रोवेव्ह घेतले. बहिणीसाठी, शेजाऱ्यांसाठी, भाचीच्या नव्या संसारासाठी आणखी सात-आठ निवडून दिले. जिथे जिथे पस्तावायची वेळ आली तिथे कारण एकच निघालं: रोज आत काय जाणार, प्लग कसला, घरात जागा कुठे आणि वापरणार कोण, हे न बघता आधी यंत्र पसंत केलं गेलं. म्हणून पुढचं सगळं मी त्याच क्रमाने सांगते आहे.

पहिलं काम: आठवडाभर टिपण

फ्रिजवर एक कागद चिकटवा. सात दिवस, जेव्हा जेव्हा "आत्ता मायक्रोवेव्ह असता तर" असं मनात येईल, तेव्हा पदार्थाचं नाव लिहा. रात्रीचा भात, कालची आमटी, ऑफिसहून उशिरा आलेल्या माणसाचं ताट, कपभर दूध, उकडायचे दोन बटाटे, पापड. भाचीने असा कागद केला होता. आठवडाभरात तीसएक नोंदी झाल्या आणि त्यातल्या चार-पाच सोडल्या तर सगळ्या नुसत्या गरम करण्याच्या होत्या. केक एकदाही नाही. तोवर ती २८ लिटरचा मोठा, केकही भाजणारा कन्व्हेक्शन घ्यायचा म्हणून पैसे बाजूला काढत होती. तिने २० लिटरचा साधा घेतला, उरलेल्या पैशांत चांगली काचेची भांडी घेतली आणि आज ती सुखात आहे.

उलट उदाहरण माझंच. पहिला मायक्रोवेव्ह घेताना मी सगळ्यात महाग घेतला, कारण दुकानात फुगलेला केक आणि खरपूस कोंबडी दाखवली होती. सहा वर्षांत त्यात केक झाले सात की आठ. बाकी रोज दूध आणि भात. तो पैसा माझ्या मनाला अजून लागतो.

तीन प्रकार आणि आत नेमकं काय घडतं

दुकानात तीन शब्द कानावर पडतील: सोलो, ग्रिल, कन्व्हेक्शन. ते समजायला आतलं काम थोडं कळलं पाहिजे.

यंत्राच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. ती २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटर खोल शिरतात आणि मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता तयार करतात. हीच नळी दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वापरात होती. १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याने तिचा स्वयंपाकासाठी उपयोग शोधला, आणि १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र पुरुषभर उंच आणि तीनशे किलोंहून जड होतं. आज तेच काम ओट्याच्या कोपऱ्यात होतं.

पाण्यावर काम चालतं, म्हणून अन्न साधारण १०० अंशांच्या वर फारसं जात नाही. आणि खरपूसपणा, तांबूस रंग, पापुद्रा हे सगळं त्याच्या बराच वर गेल्यावर येतं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं आपोआप कळतं. भात, आमटी, उसळ, साबुदाण्याची खिचडी, उकडलेल्या भाज्या, ढोकळा हे उत्तम होतं, कारण त्यांना वाफ हवी असते. भाकरी होत नाही. पोळी जास्त वेळ ठेवली की आतलं पाणी निघून जातं आणि ती चामट होते. ओलसर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा सेकंदच द्यायची. फोडणी गॅसवरच करायची, कारण तेल या लहरींनी नीट तापत नाही. वांगं शिजेल, पण भरताला जो जळका वास लागतो तो येणार नाही. तळणीचं तर नावच काढू नका.

सोलो म्हणजे फक्त या लहरी. ग्रिलमध्ये वरच्या बाजूला तापणारी कांडी जास्तीची असते. तिने वरून रंग येतो, सँडविच किंवा पनीर टिक्का होतो. कन्व्हेक्शनमध्ये तापणारी तार आणि तिची गरम हवा आतभर फिरवणारा पंखा असतो, त्यामुळे ते खऱ्या भट्टीसारखं २०० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर तापतं. केक, नानकटाई, पाव, भाजलेलं मांस हे त्याचं काम.

माझं स्पष्ट मत असं आहे: महिन्यातून दोनदा तरी भाजायचं काम होणार असेल तरच कन्व्हेक्शन घ्या. ग्रिलचा मधला पर्याय मी कुणालाच सुचवत नाही. जास्तीचे पैसे जातात आणि त्या मानाने कांडी फारच कमी वेळा वापरली जाते. आणि तुम्ही मनापासून भाजणारे असाल, दर रविवारी पाव, दिवाळीत शेजारपाजारच्यांसाठीही नानकटाई, तर सोलो आणि वेगळा ओटीजी (भाजण्यासाठीची छोटी विजेची भट्टी) अशी जोडी बघा. दोन्हींची मिळून किंमत बऱ्याचदा एका बऱ्या कन्व्हेक्शनएवढीच होते, आणि केक चाळीस मिनिटं भट्टीत असताना बाळाचं दूध अडून राहत नाही. अर्थात ओट्यावर दोन यंत्रांना जागा हवी.

आकार: माणसं मोजा, भांडंही मोजा

दोघा-तिघांच्या घराला २० लिटर पुरतो. चार-पाच माणसं असतील तर २३ ते २५. कन्व्हेक्शन घ्यायचाच ठरला तर २५ ते २८ घ्या, कारण केकच्या साच्याभोवती गरम हवा फिरायला मोकळी जागा लागते.

पण लिटरचा आकडा पूर्ण सांगत नाही. आतलं भांडं गोल फिरतं, म्हणून त्याची लांबी नव्हे तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. २५ बाय १८ सेंटिमीटरची चौकोनी काचेची डिश लहान वाटते, पण तिचा कर्ण जवळजवळ ३१ सेंटिमीटर भरतो. लहान यंत्रात ती भिंतीला अडते, ताटली फिरायची थांबते आणि एकच बाजू कढत होते. तुमचं नेहमीचं भांडं, त्याच्या कानांसकट, घरी मोजून तो आकडा कागदावर लिहून न्या. दुकानात दार उघडून आतली रुंदी स्वतः मोजा. कुणी आडकाठी करत नाही.

प्लग: इथे घाई नको

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण लोक नेमका इथेच निष्काळजीपणा करतात.

आपल्याकडे घरात दोन तऱ्हेचे प्लग असतात. छोटा, ज्यावर मोबाइल आणि मिक्सर चालतो, तो ६ अँपिअरचा. जुने वायरमन त्याला पाचचा म्हणतात. जाड पिनांचा मोठा १६ अँपिअरचा. बोलताना "पंधराचा" किंवा "पॉवर प्लग". आपला पुरवठा २३० व्होल्टचा. म्हणजे लहान प्लगची ताकद ६ गुणिले २३०, साधारण १३८० वॉट. साधा सोलो सुमारे १२०० वॉट ओढतो, म्हणजे अगदी काठावर. कन्व्हेक्शन दोन हजारांच्या घरात जाऊ शकतो. तो लहान प्लगवर चालवणं म्हणजे आग लागायची वाट बघणं.

आमचा दुसरा मायक्रोवेव्ह आला तेव्हा आम्ही काही काळ भाड्याच्या घरात होतो. ओट्याजवळ फक्त लहान प्लग. यंत्राची पिन जाड. दुकानदाराने सोबत एक पांढरा जोडप्लग दिला, "सगळे हेच वापरतात" म्हणाला. दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात प्लॅस्टिक तापल्याचा वास येऊ लागला. मला आधी वाटलं, गॅसवर काही सांडलं असेल. मग जोडप्लगला हात लावला तर चटका बसला. ओढून काढला, तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं आणि भिंतीतल्या भोकाची कड वितळून आत वळली होती. त्या दिवशी घरात कुणी नसतं तर काय झालं असतं, हे अजूनही मनातून जात नाही.

तेव्हा हे करा. यंत्र घरी यायच्या आधी वायरमनला बोलवा. ओट्याजवळ १६ अँपिअरचा प्लग आहे का, त्याच्यामागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे का आणि अर्थिंग चालू आहे का, हे तीन प्रश्न विचारा. अर्थिंग टेस्टर लावून दाखवायला सांगा. वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) टाकता आला तर उत्तमच. जुन्या चाळीत किंवा चाळीस वर्षांच्या इमारतीत हा खर्च टाळू नका. जोडप्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही वर्ज्य. त्याच प्लगवर फ्रिज किंवा गीझर नको.

गावाकडे, जिथे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथे मायक्रोवेव्ह चालू दिसतो, ताटली फिरते, पण अन्न गरम व्हायला दुप्पट वेळ लागतो. यंत्र बिघडलं असं समजून लोक दुरुस्तीला बोलावतात. आधी व्होल्टेज तपासा. आणि दिवे-पंख्यांसाठी घरात जो बॅटरीवरचा छोटा इन्व्हर्टर असतो, त्यावर मायक्रोवेव्ह चालवायचा विचार सोडून द्या. त्याच्या आवाक्यातलं ते नाही. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर "इन्व्हर्टर" लिहिलेलं दिसेल, पण त्याचा त्या बॅटरीशी काही संबंध नाही. तिथे अर्थ असा की मंद आच दिली तर यंत्र खरोखर सलग मंद चालतं. साध्या यंत्रात मंद आच म्हणजे पूर्ण ताकदीने काही सेकंद चालू, मग काही सेकंद बंद. लोणी मऊ करायचं, चॉकलेट वितळवायचं असेल तर हा फरक जाणवतो. भात गरम करताना जाणवत नाही.

अमेरिकेतल्या मुलाने तिथला चांगला मायक्रोवेव्ह घरी पाठवायचं म्हटलं तर नको म्हणा. तिथला पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपला २३० आणि ५०. इथे थेट लावला तर यंत्र जाईल.

जागा

यंत्राला मागून आणि बाजूंनी दहाएक सेंटिमीटर, वरून वीस ते तीस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो आणि कन्व्हेक्शनला तो जास्त असतो. फर्निचरवाल्याकडून कपाटात कोनाडा करून घेणार असाल तर आधी मॉडेल ठरवा, मग सुताराला माप द्या. २८ लिटरचा कन्व्हेक्शन पन्नास सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि जवळपास तितकाच खोल असतो, वर मागे प्लगची पिन बाहेर येते ती वेगळी.

बहुतेक यंत्रांचं दार डाव्या बाजूला बिजागरीवर असतं, म्हणजे ते डावीकडे उघडतं. म्हणून गरम भांडं काढून लगेच ठेवायला उजवीकडे हातभर ओटा मोकळा हवा. डावीकडे लगेच भिंत असेल तर दार पुरतं उघडतं का ते बघा.

उंची छातीच्या खाली ठेवा. डोक्याच्या वर फळीवर ठेवलेल्या मायक्रोवेव्हमधून कढत आमटी काढताना ती अंगावर येते. फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची आपल्याकडे सवय आहे, मला ती पटत नाही: उंचीही चुकते आणि फ्रिजची उष्णता वर लागते. गॅसच्या शेगडीला लागून तर अजिबात नको. फोडणीचं तेल उडून पॅनेलवर चिकट थर बसतो, आणि त्या थरावर झुरळं येतात. मुंबईत आणि कोकणात झुरळं पॅनेलच्या आतल्या ऊबेत शिरतात आणि तिथला सर्किट बोर्ड खराब करतात.

पॅनेल: वापरणाऱ्याचे हात आणि डोळे

आईला अठ्ठ्याहत्तरावं लागलं तेव्हाची गोष्ट. घरात सपाट पडद्याचा मायक्रोवेव्ह होता, बटणं न दिसणारी, वर सगळं बारीक इंग्रजीत. आई दुपारी एकटी असायची. संध्याकाळी मी आले की चहाचा गार कप टेबलावर तसाच. "तू आल्यावर कर गरम," म्हणायची. तिला यंत्राची भीती नव्हती. तिला आपण काही चुकीचं दाबू आणि खर्च लावू याची भीती होती. तिसरा घेताना मी दोन गोल खुंट्यांचा साधा सोलो आणला. एक खुंटी आचेची, ती "हाय"वर ठेवून दिली. दुसरी वेळेची. तिच्यावर एक मिनिट आणि दोन मिनिटं यांच्या जागी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. एक ठिपका चहाचा, दुसरा जेवणाच्या ताटलीचा. त्या दिवसापासून आई आपला चहा आपण गरम करून घेते.

घरात वयस्कर माणूस असेल, किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी यंत्र वापरणार असतील, तर त्यांना दुकानात सोबत न्या आणि त्यांच्या हाताने चालवून बघू द्या. खुंटीचा एक तोटा आहे: वीस सेकंदांसारखा अगदी थोडा वेळ नेमका लावता येत नाही. तरुण घराला बटणांचं पॅनेल सोयीचं. त्यात एकदा दाबलं की तीस सेकंद वाढतात असं बटण आणि लहान मुलांसाठी लॉक, एवढं असलं की पुष्कळ झालं.

"दोनशे ऑटो मेनू" या आकड्यावर जाऊ नका. तो प्रत्येक मेनू म्हणजे ठरावीक वजनाला ठरावीक आच आणि ठरावीक मिनिटं, एवढंच. तुमची वाटी त्यांच्या वाटीपेक्षा मोठी असली की हिशेब चुकतो. दहा-पंधरा दिवसांत तुमचे स्वतःचे आकडे तुम्हाला तोंडपाठ होतात.

दुकानात काय बघायचं

खोक्यावर वॉटचे दोन आकडे असतात. एक यंत्र विजेच्या तारेतून ओढतं तो, समजा १२००. दुसरा अन्नापर्यंत पोहोचतो तो, ७०० किंवा ८००. विक्रेता मोठा आकडा सांगेल. तुम्ही दुसरा विचारा. पाककृतीतले वेळ त्यावर ठरतात. ८०० वॉटवर सात मिनिटं लिहिली असतील तर ७०० वॉटवर आठ लागतील. बिलाचा हिशेब मात्र पहिल्या आकड्यावर: १२०० वॉटचं यंत्र पाच मिनिटं चाललं तर युनिटचा दहावा भाग. रोज वीस मिनिटं वापरलं तरी महिन्याला बारा युनिट होतात. कन्व्हेक्शनवर एक केक, आधीचं तापवणं धरून, साधारण एक युनिट खातो.

आतली भिंत बघा. रंग दिलेली स्वस्त असते, पण ओरखडा पडला की दमट हवेत गंज धरते. समुद्राजवळ राहत असाल तर स्टीलची किंवा सिरॅमिकचा लेप असलेली घ्या. सिरॅमिकवर हळदीचा डाग कमी धरतो आणि सुक्या बोंबलाचा वाससुद्धा पुसून जातो.

दार पाच वेळा उघडून लावा. खटका घट्ट हवा, दार हलता कामा नये. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) नोंदणीचिन्ह आणि "आर"ने सुरू होणारा क्रमांक यंत्राच्या पट्टीवर आहे का ते पाहा.

वॉरंटी वाचताना एक खोच लक्षात ठेवा. "मॅग्नेट्रॉनवर पाच वर्षं" असं काही ठळक लिहिलेलं असतं, पण पहिलं वर्ष सरल्यावर त्यात बहुधा फक्त तो भाग येतो; माणसाच्या फेरीचे आणि कामाचे पैसे वेगळे. शिवाय नेहमी बिघडतं ते पॅनेल, दाराचा स्विच, आत लहरी येतात ती जागा झाकणारी अभ्रकाची पातळ चकती. त्यामुळे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी खरेदीच्या आधी कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करून सरळ विचारावं: आमच्या पिनकोडला माणूस येतो का, किती दिवसांत येतो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा. एलजी, सॅमसंग, आयएफबी, पॅनासॉनिक, गोदरेज, बजाज अशी बरीच नावं बाजारात आहेत. मी नावापेक्षा जवळचा दुरुस्तीवाला जास्त मोलाचा धरते.

भांड्यांचा खर्च वेगळा धरा

आपली घरं स्टीलची. पातेली, वाट्या, डबे सगळं स्टील, आणि लहरींच्या मायक्रोवेव्हमध्ये ते चालत नाही: धातू लहरी परतवतो, आतलं अन्न गार राहतं, वर ठिणग्या उडू शकतात. म्हणून यंत्राबरोबर बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेच्या झाकणवाल्या दोन-तीन वाडग्यांचे पैसे बाजूला ठेवा. एक आमटीचा, एक भाताचा, एक मोठा. फ्रिजमधून काढलेली काच लगेच कढत करू नका आणि कढत काच ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकते.

चिनी मातीचे कप चालतात, पण सोनेरी काठ असलेले नाहीत. चांदीचा वर्ख लावलेली काजुकतली मऊ करायला आत ठेवू नका, वर्ख हा धातूच आहे. हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे आणि फॉइलचे डबे रिकामे करूनच अन्न गरम करा. प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण दोन्ही असलेलं. मेलामाइनच्या ताटल्या, ज्या आपल्याकडे घरोघरी आहेत, त्या नकोत.

एखाद्या भांड्याबद्दल शंका असेल, आणि ते धातूचं नसेल, तर ते रिकामं ठेवा, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी कोमट आणि भांडं गार, तर ते योग्य. भांडंच तापलं, तर नाही. कन्व्हेक्शनच्या नुसत्या गरम हवेवर मात्र केकचा धातूचा साचा चालतो.

पहिला दिवस

यंत्र लागलं की पहिली चाचणी पाण्याची करा. काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, थर्मामीटरने तापमान बघा, पूर्ण आचेवर बरोबर एक मिनिट चालवा, ढवळून पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. साधारण तितके वॉट अन्नाला मिळतात. दहा अंश वाढले तर ७०० वॉट. थर्मामीटर नसेल तर एक पेला पाणी ठेवून बघा. दोन ते अडीच मिनिटांत उकळी फुटली पाहिजे. हा आकडा पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा. पुढे यंत्र मंदावल्याची शंका आली की हीच चाचणी पुन्हा करता येते.

कन्व्हेक्शन असेल तर खिडक्या उघडून गरम हवेवर दहाएक मिनिटं रिकामं तापवा, नव्या यंत्राचा तेलकट वास जातो. लहरींवर मात्र कधीही रिकामं चालवायचं नाही.

मग हात बसवायला सोपे पदार्थ. उडदाचा पापड, पाऊण मिनिट. लिंबू पंधरा सेकंद, रस जास्त निघतो. काट्याने टोचलेले दोन बटाटे, पाच-सहा मिनिटं. शेंगदाणे करताना जवळून लक्ष द्या: एक वाटी दाणे काचेच्या पसरट भांड्यात, एक मिनिट, हलवा, परत एक मिनिट, हलवा, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने. दाणा वरून पांढराच दिसतो आणि आतून करपलेला असतो, त्यामुळे रंगावर न जाता एक फोडून बघायचा. आत फिकट बदामी झाला की थांबा; गार होताना कुरकुरीत होतो.

गरम करताना अन्न ताटलीत मधोमध ढिगासारखं ठेवू नका. कडेने वेढा करा, मध्ये खळगा ठेवा. मधला भाग सगळ्यात उशिरा तापतो. अर्ध्या वेळेला काढून ढवळा, झाल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या. भातावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवलं की तो नुकत्याच झालेल्या भातासारखा होतो.

जपायच्या गोष्टी

लहरींमुळे अन्न किरणोत्सारी होत नाही. यंत्र बंद होताच लहरी थांबतात, आणि दारातली जाळी त्यांना बाहेर येऊ देत नाही, कारण लहरीची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर आणि जाळीची भोकं मोहरीएवढी. दार वाकलं, खटका सैल झाला, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

सालासकट अंडं ठेवू नका, फुटतं. नुसतं पाणी गुळगुळीत कपात जास्त वेळ तापवलं तर ते उकळी न दाखवता उकळबिंदूच्या वर जातं आणि चमचा घालताच उसळतं. आधीच एक लाकडी चमचा कपात ठेवा. बाळाची बाटली कुठे गार, कुठे कढत अशी तापते. दूध वाडग्यात गरम करून, ढवळून, मनगटावर थेंब टाकून मगच द्या. आत काही पेटलं तर दार उघडू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. हवा मिळाली नाही की विझतं.

आणि मागचं पत्र्याचं आवरण घरी कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. घरातल्या हरहुन्नरी माणसालाही इथे थांबवा.

आठवड्यातून एकदा पाण्याच्या वाडग्यात लिंबाच्या फोडी टाकून चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग ओल्या फडक्याने पुसा. उजव्या भिंतीवरची ती अभ्रकाची चकती हलक्या हाताने. तिच्यावर साचलेलं तेल आणि आमटीचे शिंतोडेच पुढे जळतात आणि ठिणग्या दिसतात. नवी चकती थोडक्या पैशांत मिळते, फक्त बदलायला माणूस बोलवा.